जनाकाकीचा कागद

"तुमच्या ग्रामपंचायतीत जनाबाई नावाच्या पेशंटचं लिव्हिंग विल जमा आहे का?"

पेणच्या एका खाजगी हॉस्पिटलमधून डॉक्टर मॅडमचा फोन होता. मी ऑफिसात नळाच्या तक्रारी ऐकत होतो. उठून व्हरांड्यात आलो.

"त्यांचा मुलगा म्हणतो, असा कागदच नाही. सून त्याची झेरॉक्स घेऊन आली आहे. तुमच्याकडून खात्री झाल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही."

कागद मला चांगला आठवत होता. कपाटाचा कप्पासुद्धा आठवत होता. तरी मी म्हटलं, "रेकॉर्ड बघून कळवतो." सरकारी नोकरीत हे वाक्य तोंडात बसलेलं असतं.

मी ग्रामसेवक. आता पदाचं नाव बदललंय, पण गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात. गाव रोह्याजवळ, निडीच्या बाजूला. भात निघालं की वाल लावणारी माणसं. जनाकाकी त्यातलीच. वय सत्तरच्या आसपास, फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार. घरापासून पंचायतीपर्यंत यायला तिला तीनदा बसावं लागायचं. अशी ती दीड वर्षापूर्वी सुनेला, संगीताला, घेऊन आली होती आणि रोह्याच्या नोटरीचा शिक्का असलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला होता.

लिव्हिंग विल म्हणजे मालमत्तेचं मृत्युपत्र नव्हे. शुद्धीवर असताना माणूस लिहून ठेवतो की, मी बरा होण्याची आशा संपली तर नुसतं जगवत ठेवणारी यंत्रं लावू नका, लावली असतील तर काढा. इंजेक्शन देऊन मारा, असं त्यात लिहिता येत नाही. तो आपल्याकडे गुन्हाच आहे. यंत्र काढून आजाराला त्याच्या वाटेनं जाऊ देणं, एवढंच सुप्रीम कोर्टानं मान्य केलंय. दोन साक्षीदार लागतात, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो, आणि आपल्या वतीनं संमती देणाऱ्या माणसाचं नाव लिहावं लागतं. एक प्रत नगरपालिकेत नाही तर पंचायतीत जमा करायची. ही शेवटची गोष्ट पंचायतींना कोणी सांगितली नव्हती.

तेव्हा मी वरिष्ठांना फोन लावला होता.

"परिपत्रक आलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. पण कोर्टाच्या आदेशात पंचायतीचं नाव आहे."

"मग घे. पण मी घे म्हटलं, असं कुठे लिहू नको."

मी आवक नंबर टाकून कागद घेतला. संमती देणाऱ्याच्या जागी संगीताचं नाव बघून मी काकीला विचारलं, "मुलाचं का नाही?"

"विलासच्यानं व्हायचं नाय," काकी म्हणाली. "त्याच्या बापाच्या टायमाला बघितलाय मी. मुंबयला तीन आठवडे मशीनवर ठेवला. नळी ओढतो म्हणून हात बांधलेले व्हते पलंगाला. जाताना माझा हात पन धरता आला नाय त्यांना." थोडा दम खाऊन ती म्हणाली, "भाऊसाहेब, तुमीच बोलवा विलासला नि वाचून दाखवा. माझ्यानं सांगवत नाय."

इथे मी चुकलो. विलास नागोठण्याजवळ कंपनीत शिफ्टला जायचा, माणूस तापट. मी म्हटलं, "कशाला उगाच घरात वाद? कागद झालाय ना, पुरे." काकी संगीताचा हात धरून उठली. संगीतानं जाताना एकदा वळून माझ्याकडे बघितलं.

आता काकीला न्यूमोनिया झाला होता. विलासनं घाईघाईनं तिला पेणला नेलं, तिथे व्हेंटिलेटर लावला. संगीता तेव्हा वाल काढायला शेतावर होती. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं प्रत पुढे केली. त्या दिवसापासून नवरा-बायको हॉस्पिटलातल्या एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत होती.

मॅडमचा फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत विलासचा फोन आला.

"भाऊसाहेब, एवढंच सांगा त्यांना. कागद सापडत नाय."

"सापडतोय, विलास."

"तुमच्या कपाटात एरवी हजार कागद हरवतात. माझे घराचे उतारे दोनदा हरवले. हा एक हरवला तर काय बिघडनार हाय?"

उताऱ्यांचं तो खरं बोलत होता. आणि हा कागद हरवला असता तर मला कोणी जाब विचारला नसता. वरिष्ठांनी तर सुटकेचा निःश्वास टाकला असता. एका बाईला मरू देण्याच्या कामात माझं नाव राहिलं नसतं. मी कपाट उघडून फाइल हातात घेतली आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग काकी तीनदा बसत कशी आली होती ते डोळ्यांपुढे आलं. मी शिपायाला ऑफिस बंद करायला सांगितलं आणि मोटारसायकलला किक मारली. नागोठणे, वडखळ करत दीड तासात पेणला पोचलो.

डॉक्टर मॅडमनी कागद ताडून पाहिला. पुढची पद्धत त्यांनी मला समजावली. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ, असं एक मंडळ पेशंट तपासून मत देतं. मग दुसरं मंडळ तेच पुन्हा तपासतं, त्यात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. दोन्हींचं मत एक झालं आणि नेमलेल्या माणसानं संमती दिली, तर मॅजिस्ट्रेटना कळवून यंत्र काढायचं. "श्वास कोंडल्याचा त्रास होऊ नये म्हणून औषध चालूच राहतं," त्या म्हणाल्या. "आम्ही पेशंटला सोडून देत नाही."

दोन दिवसांनी दोन्ही मंडळांचं मत आलं. सुधारणा होणार नाही. मी पुन्हा गेलो. मला जायची कायद्यानं गरज नव्हती.

संमतीचा फॉर्म संगीताच्या मांडीवर होता. पेन हातात होतं.

"भाऊसाहेब, मी सही केली की गाव काय म्हनेल ठाव हाय? सुनेनं सासूला मारली. माझी पोरं त्याच शाळेत जातात." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आणि सही नाय केली तर ती तशीच पडून राहनार. हात बांधलेत तिचे. बघितलंत तुमी?"

मी बघितले होते. मऊ पट्टी होती, पण बांधलेले होते.

विलास खिडकीशी पाठ करून उभा होता. मी फाइल उघडली. "विलास, दीड वर्षापूर्वी हे तुला वाचून दाखवायला काकीनं मला सांगितलं होतं. मी टाळलं. आता वाचतो."

तो वळला नाही. नोटरीची भाषा मी सोडून दिली. खाली काकीनं तोंडी सांगून चार ओळी लिहून घेतल्या होत्या, त्या वाचल्या.

"माझे हात बांधू नका. विलासला कोणी बोलू नका, त्याचा जीव माझ्यावर आहे म्हणून तो आडवा येईल. संगीतावर टाकते कारण ती मला विचारल्याशिवाय भाजीत मीठ पण घालत नाही. तिला कोणी बोललं तर मला बोलल्यासारखं आहे."

विलास तसाच उभा राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. संगीता उठली नाही. मीही उठलो नाही. त्याला रडू दिलं.

थोड्या वेळानं तो बाकावर येऊन तिच्या शेजारी बसला. "कर गो सही," तो म्हणाला. तिनं केली. त्यानं तिच्या हातातून पेन घेतलं.

"तुमची सही लागत नाही," फॉर्म घ्यायला आलेल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "कागदात फक्त त्यांचंच नाव आहे."

"असू दे."

त्यानं बायकोच्या सहीखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मॅडमनी काही हरकत घेतली नाही.

दुपारी नळी काढली. त्याआधी हातांच्या पट्ट्या सोडल्या. एक हात विलासनं धरला, एक संगीतानं. काकीनं डोळे उघडले, असं विलास सांगतो. संगीता म्हणते, नाही उघडले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती गेली.

दहाव्याला गावातल्या एका बाईनं विचारलंच, "मशीन काढायची सही कोनी केली गो?" संगीताच्या आधी विलास बोलला, "दोगांनी." विषय तिथेच मिटला, असं म्हणत नाही. गाव आहे, मागे बोलत असेल. पण तिच्या तोंडावर पुन्हा कोणी बोललं नाही.

मी कायद्याप्रमाणे कागद घेतला, सांभाळला आणि वेळेला हजर केला. त्यात कोणाला खोट काढता येणार नाही. तरीही ते दोघं नवरा-बायको एका बाकाच्या दोन टोकांना जे दिवस बसले, ते माझ्यामुळे. संमती कोणाची घ्यायची ते कायदा सांगतो. सही करणाऱ्याला नंतर त्याच घरात, त्याच गावात राहायचं असतं, ते आधी घरात बोलूनच निभावतं. आता असा कागद घेऊन कोणी आलं, तर नंबर टाकायच्या आधी मी घरच्यांना बोलावून घेतो. वाद होतो. होऊ देतो.