फक्कीची अर्धी रेघ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर निम्म्यांवर माझा विश्वास बसत नाही. मी कोकणातला, कुडाळकडचा. आमच्याकडे प्रत्येक वळणाला एक देवचार, प्रत्येक विहिरीत एक बाई... लहानपणापासून ऐकून कान किटलेले. म्हणून हे कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुका असतील, सांभाळून घ्या.

साल शहाऐंशी असावं. फेब्रुवारी. घाटकोपर पूर्वेला, खाडीच्या अंगाला, पालिकेचं एक क्रीडांगण होतं. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याची व्यायामशाळा, तिच्या मागे नळ आणि सामानाची खोली, आणि समोर कबड्डीचं मातीचं मैदान. मी तिथे बदली कामगार होतो. कायमचा माणूस नसेल तेव्हा काम, नाहीतर घरी.

कायमचा माणूस म्हणजे शिवरामकाका. नात्याचे नव्हेत, पण गावचे. आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तोवर छातीत कापूस भरला होता, तो शेवटपर्यंत निघाला नाही. मी मुंबईत उतरलो तेव्हा गावच्या मंडळाच्या खोलीत त्यांनी आपल्या चटईशेजारी मला जागा दिली, आणि बदलीसाठी साहेबांकडे शब्द टाकला. मला सतत धास्ती असायची – आज काढतील, उद्या गावी पाठवतील. काका म्हणायचे, गप रव. तेवढ्यावर मला झोप लागायची.

काम त्यांनीच शिकवलं. दुपारी मैदानावर पाणी मारायचं, माती बसली की फक्कीच्या रेघा आखायच्या. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. बाकी सगळे सुतळी लावून आखतात. काका सुतळी लावत नसत. मुठीतून फक्की सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जायचे, आणि रेघ सुतासारखी सरळ. कोपरा आला की चिमूटभर फक्की रेघेच्या बाहेर टाकायचे. राखणदाराक, म्हणायचे, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला. जागा त्याची, आपण नुसते खेळतो. असं आखणारा दुसरा माणूस मी आजपर्यंत पाहिलेला नाही. मला कधीच जमलं नाही, मी सुतळीवालाच.

त्या फेब्रुवारीत काकांचा दम वाढला आणि त्यांना इस्पितळात ठेवलं. मैदानापासून बसने पाऊण तास. भेटायची वेळ चार ते सहा. मी रोज जायचो. शुक्रवारी निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. एवढा दणकट माणूस, पण आवाज पोरासारखा झालेला.

"उद्या चार वाजता येतलंस मां? माका एकट्याक भीती वाटता रे."

मी म्हटलं, चारच्या ठोक्याला येतो.

शनिवारी अडीच वाजता मी मैदानावर पाणी मारलं. संध्याकाळी क्लबच्या पोरांचे सामने होते. विचार असा की रेघा मारून सव्वातीनच्या बसने निघायचं. माती बसेपर्यंत नळावर जाऊन बादल्या धुतल्या, हातपाय धुतले, शर्ट बदलला. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. परत येऊन बघतो तर मैदान आखलेलं.

मधली रेघ झालेली. तीन बाजू झालेल्या. चौथी अर्ध्यावर येऊन थांबलेली. सुतळीचा खिळा कुठेच नाही. आणि कोपऱ्यांच्या बाहेर चिमूट चिमूट फक्की.

मला भीती नाही वाटली हो. इथेच माझं चुकलं. मला आनंद झाला.

कारण आदल्या वर्षी काकांनी हेच केलं होतं. स्पर्धा आहे म्हणून डिस्चार्ज न घेता इस्पितळातून निघून आले होते, सदऱ्यावर तिथला शिक्का तसाच. व्यायामशाळेवरच्या कांबळेला मी हाक मारली. तो साताऱ्याकडचा, माझ्याच वयाचा, तोंडाने फाटका पण मनाचा चांगला. त्याने रेघा बघितल्या आणि हसायला लागला.

"म्हातारा पळाला बघ परत. तिथली पेज झेपली नसेल. चहाला गेला असेल रे, बस तू, येतो आता."

मी बसलो. कोपऱ्यावरच्या टपरीवर बघून आलो, तिथे नव्हते. म्हटलं, बिडीला गेले असतील, माझ्यासमोर ओढत नाहीत हल्ली. दोन चहा आणून ठेवले. सव्वातीनची बस गेली. चार वाजले. कांबळे म्हणाला, अर्धी रेघ टाकून तुझा काका घरी जाईल होय? ते पटण्यासारखंच होतं. आता इस्पितळात गेलो आणि काका इकडे आले तर चुकामूक व्हायची, म्हणून मी हललो नाही. पाच वाजता पोरं आली. उरलेली अर्धी रेघ मी सुतळी लावून पुरी केली. तेव्हा कुठे मी बसकडे धावलो.

इस्पितळात पोचायला सहा वाजून गेले. खाटेवरची गादी गुंडाळलेली होती.

शेजारच्या खाटेवर एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी मला ओळखलं, पण माझ्याकडे बघून बोलले नाहीत. साडेपाचला गेले, म्हणाले. चारपासून दाराकडेच बघत होते. कुणीही आत आलं की मान उचलायचे. नर्सला माझं नाव घेऊन सांगत होते, माझो वसंत येतलो, त्याका आत सोडा.

मी विचारलं, दुपारी ते कुठे उठून गेले होते का?

"ऑक्सिजन लावलेला माणूस कुठे उठतो, बाबा?"

दुसऱ्या दिवशी सामानाची खोली उघडताना माझ्या डोक्यात उजेड पडला. किल्ली माझ्याच करगोट्याला होती, शनिवारी पाच वाजेपर्यंत मी कुलूप काढलंच नव्हतं. आत फक्कीचं एकच पोतं होतं, नवीन. तोंडाची शिवण पाचला अर्ध्या रेघेसाठी मीच उसवली होती, तोवर जशीच्या तशी होती. ओल्या मातीत पावलं उमटली होती का, ते आम्ही त्या दिवशी बघितलंच नाही, आणि नंतर पोरांनी खेळून सगळं मोडलं. कांबळेने एकदाच विचारलं, "तूच मारल्या नव्हत्यास ना रे?" मी नाही म्हटल्यावर तो परत त्या विषयावर कधी बोलला नाही.

लोक म्हणतात, काका तुला भेटायला आले होते. शेवटचं काम करून गेले. फार चांगल्या मनाने म्हणतात. पण त्यांचा जीव तर तिकडे दाराला लागला होता. मग मला इकडे कुणी अडकवून ठेवलं? राखणदाराने म्हणावं, तर त्याला रोज चिमूट देणारे काकाच. त्याचं असं फेडतात?

काकी गावी असायच्या. क्रियाकर्माला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, शेवटाक तू होतंस मां जवळ? मी होय म्हटलं. पाणी पाजलंस? म्हटलं, पाजलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढे जेव्हा जेव्हा गावी गेलो तेव्हा चार माणसांत सांगायच्या, ह्यो होतो म्हणान माजो घोव एकटो गेलो नाय.

गेल्या पावसाळ्यात काकी गेल्या. म्हणून आता लिहितोय. त्या रेघा कुणी मारल्या, मला माहीत नाही. शोधायचंही सोडून दिलं. काकांची मान दाराकडे किती वेळा उचलली गेली असेल, तेवढंच मोजत बसतो.