संगमरवरी नाक

नाक माझ्या हातात आलं. बादलीतल्या गरम पाण्यातून मी ते संगमरवरी डोकं वर काढलं आणि नाक तेवढं मुठीत राहिलं.

माझा नवरा दारातच होता. आखातातल्या देरात, खाडीकाठी, तो एका इंग्रज साहेबाचा खानसामा आणि मी तिथलीच झाडलोट करणारी. अमिरात व्हायला अजून अवकाश होता.

"खलास," तो म्हणाला. "काय केलंस गो हे?"

"ईद आली. घर धुतलं, भांडी घासली. हा एकटाच मळका राहिलेला."

"आता पुढच्या आगबोटीनं रत्नागिरी. दोघंही."

खोटं नव्हतं. नोकरी गेली की साहेबानं दिलेली खोलीही जाणार.

साहेबाचा कोणी खापरपणजोबा दोनशे वर्षांपूर्वी विलायतेच्या पार्लमेंटात होता. तिथे फारसं काम नसावं, कारण हा आपला रोमला जाऊन जुने पुतळे विकत घ्यायचा. नारळाएवढं हे डोकं त्यातलंच. दोन हजार वर्षांचं, आणि कुठे टवकासुद्धा उडालेला नाही, असं साहेब प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा.

साहेब आला. आधी त्यानं डोकं उचलून बघितलं. तोवर मी तुटलेली जागा हुंगली. माझा बाप होड्या बांधायचा, फटी बुजवायला राळ कढवायचा. तो वास मला चालता येण्याआधीपासून ठाऊक.

"साहेब, ये राल है. किसीने चिपकाया था."

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले.

साहेबानं हुंगलं. पिवळा थर नखानं खरवडला. नाक खिडकीशी नेलं, मग डोकं नेलं. नाकाचा दगड पांढराशुभ्र, डोक्याचा पिवळट.

"आपके दादा को किसीने नया नाक लगाके बेचा," मी म्हटलं. नवऱ्यानं मला कोपर मारलं.

साहेब खुर्चीत बसला आणि हसत सुटला. "पार्लमेंट का आदमी! दो सौ साल!" डोळे पुसून म्हणाला, "यल्ला, चलो, कान भी देखो."

मी कान ओढून पाहिले. पक्के होते.

आगबोट टळली. ईदची बिर्याणी आम्ही त्याच खोलीत खाल्ली आणि पुढे बरीच वर्षं तिथेच राहिलो. साहेब नंतर विलायतेत वारला. नवरा इथेच, देरात. त्या दिवशीच्या तिघांतली आता मी तेवढी उरलेय.