कातळ लागला का?

आमच्या विभागात दोन गोष्टी कधी कमी होत नाहीत, दगड आणि किस्से. दगड निदान कपाटात मावतात. किस्से मात्र टेबलावरच पडून असतात. चहा आला की कुणीतरी एखादा उचलतो आणि चहा संपेपर्यंत त्याला आणखी दोन फुटलेले असतात.

मी सांगलीच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. विभागात आम्ही तिघंच. प्रमुख चौगुले सर, मी आणि सुनीता माने. सुनीता शिकवता शिकवता पीएच.डी. करते. विषय तिच्याच गावाखालचा कातळ. माण तालुक्यात जमिनीखाली खोल जो थर आहे, तो नेमका किती जुना, एवढंच तिला शोधायचंय. एवढंच म्हणजे काय, ते पुढे कळेल.

*

एकदा दहिवडीकडून आम्ही तिघं एसटीनं परत येत होतो. जीप ऐनवेळी बिघडली होती. सोबत दगडांनी भरलेलं पोतं. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून बघितला आणि आत काय आहे म्हणून विचारलं. मी दगड म्हणालो. घराचं बांधकाम काढलंय का, असं त्यानं विचारलं.

इथं मी हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण चौगुले सरांना खोटं बोलवत नाही आणि थोडक्यात बोलता येत नाही. त्यांनी लाव्हारसापासून सुरुवात केली. पुढच्या स्टॉपपर्यंत ते मुद्द्यावर आले की हे दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे आहेत.

कंडक्टरनं सगळं नीट ऐकून घेतलं. सामानाच्या तिकिटासाठी हातात धरलेलं मशीन त्यानं खाली केलं.

"मग तिकीट कशाला काढताय सर? पंचाहत्तरीच्या वर समद्यास्नी फुकट हाय. फकस्त आधार कार्ड दावा."

*

पाचगणीच्या एका शाळेनं सरांना मुलांशी बोलायला बोलावलं होतं. पठाराच्या कड्याकडे बोट दाखवत सर सांगत होते. लाव्हा एकदाच आला नाही, पुन्हा पुन्हा आला, थरावर थर बसला. म्हणजे खालचा थर थोरला, वरचा धाकटा. पण थोरला म्हणजे किती थोरला? तर दगडात पोटॅशियम असतं. त्यातलं अगदी थोडं, ठरलेल्या चालीनं, आरगॉन नावाच्या वायूत बदलत राहतं. लाव्हा थिजला की तो वायू आत कोंडला जातो. किती कोंडलाय ते मोजायचं, की किती काळ गेला ते कळतं. अट एकच. दगड ताजा, घट्ट हवा. भेगा पडून पाणी आत शिरलं की वायू निसटतो आणि वय चुकतं.

 मला वाटलं, मुलं झोपली. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्या मुलीनं हात वर केला. तिला त्या दगडाचा बर्थडे हवा होता.

सर म्हणाले, तारीख सांगता येत नाही बाळ, दोन-चार लाख वर्षं इकडे-तिकडे होतात.

"मग केक कधी आणायचा?"

परतीच्या वाटेवर वाई आली. सर एकदम म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे हो तिचा."

*

हे इकडे-तिकडे आमच्या अंगात इतकं मुरलंय की घरी भाजी किती आणू विचारलं तरी आम्ही कमी-जास्त सांगतो. प्राचार्यांनी एकदा सुनीताला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, थीसिस कधी देणार?

ती शांतपणे म्हणाली, "दोन वर्षांत सर. कमी-जास्त दोन वर्षं."

*

चौगुले सर पक्के जैन. सूर्य मावळला की तोंडात काही घालत नाहीत. कांदा, बटाटा, जमिनीखालचं काहीच खात नाहीत आणि जन्म सगळा गेला जमिनीखालचं उकरण्यात. यावरून आम्ही त्यांना पुष्कळ छळलंय.

आता, भूशास्त्रवाले दगड चाटतात हे बाहेर कुणाला सांगू नका. ओला केला की कण स्पष्ट दिसतात, भिंगाखाली दगड ताजा की कुजका ते कळतं. पाण्याची बाटली जवळ असते, पण सवय जिभेची. एकदा माणमध्ये नाल्याच्या काठावर सरांनी हातोडा मारला आणि सुरेख काळाकुळकुळीत तुकडा निघाला. सरांनी तो तोंडाजवळ नेला, थांबले, पश्चिमेला बघितलं. सूर्य नुकताच टेकडीआड गेला होता.

त्यांनी तुकडा सुनीतापुढे धरला. "तुम्ही चाटा."

तिनं चाटला. कुजका निघाला.

*

आणि अडचण तीच होती. तिच्या गावच्या वरच्या थरांत सगळीकडे कुजका दगड. ताजा मिळायचा तर खूप खाली जायला हवं. दगडाचं वय मोजणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच, तिथं नंबर लागतो, आणि बरीच वाट पाहिल्यानंतर सुनीताचा नंबर जवळ आलेला. चांगला दगड वेळेत गेला नाही तर पुन्हा रांगेच्या शेवटाला.

तेवढ्यात तिच्या वडिलांनी, आप्पांनी, नवी विहीर काढायला घेतली. आप्पांची मेंढरं आहेत, थोडी जमीन आहे. जुनी विहीर उन्हाळ्यात कोरडी पडते, मग मेंढरं घेऊन ते चार महिने लांब मुलखात असतात. या वयात आता त्यांना ते झेपत नव्हतं. ही विहीर लागली तर ते घरी राहणार होते.

सुनीतानं त्यांना सांगून ठेवलं की अगदी तळाचा दगड मला हवा, भेग नसलेला, कोरडा खडखडीत. आप्पांनी तो स्वतःच्या हातानं काढून ठेवायचं कबूल केलं. विहिरीत सुरुंग उडाला की संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. आज मुरूम. आज बी मुरूमच.

घोटाळा असा, की पाणी असतं भेगांच्या दगडात आणि वय असतं बिनभेगांच्या दगडात. एकाच खड्ड्यातून बापाला एक हवं होतं आणि लेकीला बरोबर उलटं. एके दिवशी डबा खाताना ती मला म्हणाली, "आई रोज देवापुढं दिवा लावून पाणी मागती. मला फोनवर म्हणती, तू बी माग. सर, मला तर देवाला काय मागावं तेच कळंना झालंय."

 

चौगुले सरांचीही तीच गत. ते सकाळी विभागात शिरायचे ते विचारतच, "सुनीता, कातळ लागला का?" मग लगेच लाजायचे आणि म्हणायचे, "म्हणजे, पाणी लागलं का?"

*

फोन आला तो दुपारी, आणि सुनीताला नाही, चौगुले सरांना. ती समोरच पेपर तपासत बसली होती. सरांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे पंपाचा आवाज, माणसांचा गलका, बाया काहीतरी ओरडत होत्या. सरांना वाटलं कुणी पडलंबिडलं की काय.

"साहेब, सुनीचा बाप बोलतोय. लेकीला सांगायची हिम्मत हुईना, म्हनून तुमास्नी लावला."

सुनीतानं हातातला पेन खाली ठेवला.

"आवं, सकाळी भेग फुटली. मी दगुड काढायला उतरलो तवर पानी कमरंला आलं. हाताला लागला त्यो आनलाय वर, पन समदा हिरवा, भिजल्याला. चुरा पडतोय. तिनं सांगितल्यावानी न्हाई ऱ्हायला. लेकीचा दगुड नासला, साहेब."

सर म्हणाले, "अहो आप्पा, पाणी लागलं ना तुम्हाला?"

"लागलं की. लय लागलं. गाव गोळा झालंय." ते पंपापासून बाजूला गेले असावेत, आवाज स्पष्ट झाला. "साहेब, तिला म्हनावं, रडू नगं. वरच्या माळाला आमची पट्टी हाय. तितं कितीबी खोल गेलं तरी पानी न्हाई, समद्या गावाला ठावं हाय. दिवाळी झाली की तितं एक हीर पाडतो तिच्यापुरती."