मनगट गेल्यावर घेतलेली मशीन

सुलाबाईंच्या हातातून सुई पडायची आणि त्यांना कळायचंच नाही. टाका घालायला हात पुढे जायचा, बोटं कापडाला टेकायची, तेव्हा लक्षात यायचं की चिमटीत काहीच नाही. मग मांडीवरची गोधडी झटकायची, चटई झटकायची, चष्मा सारखा करून फरशीवर सुई शोधायची. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असताना सुई हरवून चालत नाही.

खिळलेलं माणूस म्हणजे त्यांच्या सासूबाई, सरुबाई; सुलाबाई त्यांना आत्याबाई म्हणायच्या. मांडीचं हाड मोडल्यापासून सिडकोतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा पलंग होता आणि पलंगाच्या पायथ्याशी सुलाबाईंची चटई. लग्न होऊन निफाडजवळच्या खेड्यात आल्यापासून सुलाबाई गोधड्या शिवत होत्या, आणि शिकवलं होतं सरुबाईंनीच. टाका मोठा पडला की सरुबाई बोलायच्या नाहीत. कात्रीच्या टोकानं तेवढी ओळ उसवायच्या आणि गोधडी परत पुढ्यात टाकायच्या. पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी सगळे नाशकात आले. नवरा अवेळी गेला, तेव्हा याच गोधड्यांनी घर धरून ठेवलं. मुलगा रोहित शिकला, सातपूरला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं. लोक गेलेल्या आईची लुगडी, वडिलांची धोतरं गाठोड्यात बांधून आणायचे आणि सुलाबाई त्यांचं पांघरूण करून द्यायच्या.

मनगटातली नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. मुंग्या कमी झाल्या, पण चिमटीतला जोर परत आला नाही. बारीक काम आता बंद करा, हेही डॉक्टर म्हणाले होते. ते सुलाबाईंनी घरी सांगितलं नाही.

सून तेजस्विनीच्या ते आपोआप लक्षात आलं. ती दवाखान्यात रिसेप्शनला बसायची, हात कसा धरला की काय दुखतं हे बघून बघून तिला कळायला लागलं होतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, आता मशीनवर शिवा ना. घरात आहेच की."

घरात होती ती पायमशीन, लग्नात आलेली. फॉल, परकर, उशांचे अभ्रे यासाठी ठीक. सुलाबाईंनी दुसऱ्या दिवशी एक बाळाची गोधडी तिच्यावर घालून पाहिली. सुईजवळचा, कापड दाबणारा पाय पुरता उचलूनही कापडाची जाडी त्याखाली जाईना. दाबून घातली, तर चाकावरचा पट्टा घसरायला लागला. चार बोटं शिवण झाली, तीत निम्मे टाके सुटलेले. आणि खालचा थर पुढे निघून गेला, वरचा मागे राहिला. वरच्या साडीला अशा चुण्या पडल्या की बघवेना. सुलाबाईंनी ती ओळ उसवायला घेतली, पण कात्रीही नीट धरता येईना.

तेजस्विनीनं फोनवर शोधून एक मशीन काढली. पांढरी, गुळगुळीत, वेलबुट्ट्यांचे कितीतरी प्रकार असलेली. "हिच्यात क्विल्टिंगपण होतं, आई. इथे लिहिलंय बघा."

"लिहिलं असेल," सुलाबाई म्हणाल्या. "पण आधी हात लावून बघू."

रविवारी रोहित आजीजवळ बसला आणि सासू-सून भद्रकालीतल्या मशीनच्या दुकानात गेल्या. सुलाबाईंनी पिशवीत एका जुन्या गोधडीचा तुकडा घेतला होता. मध्ये सुती साड्यांचे थर, खाली जाड चादर, कडेला जीनची पट्टी. दुकानदार सुनील पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्यानं तो तुकडा हातात घेऊन दाबून बघितला.

"मावशी, एवढं जाड रोज शिवणार?"

"रोजच."

त्यानं पांढरी मशीन लावून दिली. साड्यांवर ती छान चालली. जीनच्या पट्टीवर चढताना घुरघुरली आणि थांबली. सुनीलनं हातानं चाक फिरवलं, तर सुई वाकून निघाली. "ही दोन-तीन थरांच्या रजईला चांगली आहे," तो म्हणाला. "तुमच्या मालाला नाही. विकायला मी विकेन, पण पुढच्या आठवड्यात तुम्ही परत याल."

मग त्यानं शिंपी वापरतात ती काळी, जड मशीन दाखवली. जाडी तिनं खाल्ली. पण कापड पुढे सरकवायला सुलाबाईंना दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. दुसऱ्या ओळीला मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली. त्यांनी तुकडा बाहेर काढला.

"तिकडे एक आहे," सुनील म्हणाला. "बॅगा शिवणाऱ्यांची. हिचे खालचे दाते कापड ओढतात, तसा वरचा पायही ओढतो. थर मागेपुढे होत नाहीत."

ती मशीन टेबलासकट होती, आणि टेबल एवढं की पुढच्या खोलीत पलंगाशेजारी ते बसेल का, हाच प्रश्न. सुनीलनं मोटार लावली तसा दुकानभर घोंगावणारा आवाज भरला. सुलाबाईंनी पायपट्टीवर नुसता पाय टेकवला तर कापड सरसर निघून गेलं. शिवण चांगली आली होती, सगळे थर जागच्या जागी. तेजस्विनी खूश झाली. "बघा आई, झालं की!"

सुलाबाई स्टुलावर बसून राहिल्या. त्यांनी पाणी मागितलं. सावकाश प्यायल्या आणि म्हणाल्या, "चल, घरी जाऊ."

दोघींनी सिटी बस धरली. मुंबई नाक्याच्या पुढे गेल्यावर तेजस्विनीनं विचारलं, "त्या मशीनमध्ये काय वाईट होतं?"

"काही नाही."

"मग?"

"मला मशीन नको गं, तेजू. मला झोपायचंय." सुलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "तुझे सासरे गेले तेव्हापासून मी दुपारची आडवी झालेली नाही. आधी वाटायचं, रोहितचं शिक्षण झालं की झोपेन. मग त्याचं लग्न. मग आत्याबाई पडल्या. आता हातच गेला, तर मला वाटलं, चला, आता कुणी काही म्हणणार नाही. तर तू मशीन शोधून काढलीस."

उतरताना तेजस्विनीनं सासूच्या हातातली पिशवी घेतली.

त्यानंतर घरात मशीनचा विषय निघाला नाही. सुलाबाई दुपारी झोपू लागल्या. सरुबाईंना भरवायचं, त्यांना पुसून कूस बदलून द्यायची आणि पलंगाच्या पायथ्याशी आडवं व्हायचं. सुमनबाई नावाच्या एक गिऱ्हाईक आपल्या आईची लुगडी देऊन गेल्या होत्या. त्यांना सुलाबाईंनी निरोप पाठवून गाठोडं परत दिलं. "हात चालत नाही, ताई. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या." सुमनबाई जरा घोटाळल्या, मग गाठोडं उचलून गेल्या. त्यांनी ते पुढे कुणाकडे दिलं, हे सुलाबाईंना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. दार लावून घेतल्यावर त्यांना हलकं वाटलं, हे मात्र खरं.

पण झोपूनही थकवा जाईना. उठल्यावर अंग अधिकच जड वाटायचं.

थंडी सुरू झाली. सरुबाईंच्या अंगाखालची गोधडी रोज धुऊन विरली होती, मध्येच फाटून आतले थर गोळा झाले होते. पाठीला तेच रुतायचं. तेजस्विनीनं विकतची एक जाड रजई आणून घातली. सरुबाईंनी दोन रात्री काढल्या आणि तिसऱ्या सकाळी म्हणाल्या, "ही घसरती. अन् खालून गरम व्हती. माझी ती दे."

"ती फाटली, आत्याबाई."

"मंग शीव."

"हात चालत नाही माझा. माहीत आहे ना तुम्हाला?"

सरुबाईंनी मान वळवून सुनेच्या हाताकडे पाहिलं. "माहिती हाय. तू झोपती तवा म्या बघत असते. झोपेत बी तुझी बोटं टाका घालत्यात." मग त्या म्हणाल्या, "नको शिवू मग. लय शिवलंस. राहू दे."

इतक्या वर्षांत सासूच्या तोंडून 'लय शिवलंस' हे सुलाबाईंनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना आनंद झाला असं नाही. त्या उठून मोरीत गेल्या, ओली चादर पिळायला लागल्या, मनगट वळेना, तेव्हा ती चादर तशीच बादलीत टाकून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आपल्या घरातल्या म्हातारीच्या अंगाखाली घालायची गोधडीही आपल्याला दुसऱ्याकडून मागावी लागणार, हे त्यांना तिथे कळलं, आणि ते काही सहन होईना.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीला सुट्टी होती, तिला आत्याबाईंजवळ बसवून त्या एकट्याच भद्रकालीत गेल्या.

"मावशी, आलात," सुनील म्हणाला.

"भाऊ, ती बॅगावाल्यांची मशीन. तिचा आवाज कमी होतो का? घरात आजारी माणूस आहे. अन् मला ती हळू पाहिजे. बैलगाडीसारखी."

सुनीलनं थोडा विचार केला. एका बॅग कारखान्यातून आलेली वापरलेली मशीन त्याच्याकडे पडून होती. तिला दुसरी, नव्या प्रकारची मोटार लावली तर ती बसल्या जागी गप्प राहते, पाय दाबला तरच फिरते, आणि वेगाला वरून मर्यादा घालता येते, असं त्यानं सांगितलं. टेबलही कापून आखूड करता येणार होतं. मग त्यानं टेबलाखालची एक लोखंडी पट्टी दाखवली. "हिला गुडघा लावा. उजवीकडे ढकला."

सुलाबाईंनी गुडघा ढकलला. वरचा पाय उचलला गेला. सोडला, तो खाली बसला. त्यांनी पुन्हा ढकलला, पुन्हा सोडला. कापड फिरवायला, काढायला हाताला काही करावंच लागत नव्हतं. तळवे नुसते कापडावर ठेवायचे.

"गुडघे बरे आहेत ना?" सुनीलनं विचारलं.

"अजून तरी आहेत," सुलाबाई म्हणाल्या. "हीच द्या."

मशीन आली तेव्हा कपाट आतल्या खोलीत न्यावं लागलं, आणि तरी पलंग आणि टेबल यांच्यामधून तिरकंच जावं लागायचं. सरुबाईंची गोधडी पहिली घेतली. थर मांडून कच्चे टाके तेजस्विनीनं घातले, वाकडेतिकडे. सुलाबाईंनी ते उसवले नाहीत. हातानं शिवताना त्या कडेनं सुरुवात करून आत आत फेरे घेत मध्यावर यायच्या. मशीनवर एवढं ओझं वळवता येत नाही, म्हणून गोधडीची एक बाजू गुंडाळून सुईच्या उजवीकडे, मशीनच्या पोटात सारायची आणि मधल्या ओळीपासून बाहेर सरळ जायचं, हे त्यांना दोनदा चुकून कळलं. एक गोधडी व्हायला कित्येक दिवस लागले. पाठ दुखायची, पण मनगट गप्प होतं.

सरुबाईंच्या अंगाखाली ती घातली. त्यांनी बोटानं एक ओळ चाचपली, मग दुसरी.

"पोलिसांच्या परेडीवानी हाय," त्या म्हणाल्या. "सरळ."

"मशीनचं आहे, आत्याबाई. हातासारखं कुठून येणार?"

"रुतत नाय," सरुबाई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

सुलाबाई आता गोधड्या घेतात, पण एका वेळी एकच. ज्यांना हातशिवणच हवी, त्यांना नाही म्हणतात, आणि नाही म्हणताना आता घोटाळत नाहीत. मोठी गोधडी असली की तिचं ओझं टेबलावरून खाली ओढतं आणि टाके लहान-मोठे पडतात. तेव्हा रविवारी तेजस्विनी पलीकडच्या बाजूला उभी राहून ती दोन्ही हातांवर पेलून धरते. मशीन हळूहळू टकटकत जाते. पलंगावर सरुबाई कधी जाग्या असतात, कधी नसतात.

"आई, दमलात?" मागच्या रविवारी तेजस्विनीनं विचारलं.

"हो."

"मग थांबू या."

"एवढी ओळ होऊ दे," सुलाबाई म्हणाल्या. "तुझे हात भरून आले असतील, तर जरा टेबलाला टेकव."