बारागाड्या आणि माझं अर्थशास्त्र

चहा आधी संपवा. हा किस्सा ऐकताना तो हमखास सांडतो, असा अनुभव आहे. आणि पोटभर हसा, फक्त माझ्या सुनेला सांगू नका. तिच्या लेखी मी अजून विद्वान आहे.

इंग्रजांचे दिवस होते. मी पुण्याहून बी. ए. होऊन नुकताच परतलो होतो. डोक्यात अर्थशास्त्र, तेही जहाल! आई भाजी वाढायला आली, तरी मी तिला भांडवल आणि श्रम समजावून सांगे. ती बिचारी कंटाळून दुप्पट भाजी वाढून निघून जाई.

धुळ्याला आमचे भाऊ होते, चळवळीतले वडीलधारे. त्यांनी मला जळगावजवळच्या एका गावी धाडलं. तिथे कापसातली सरकी काढायचं जिन होतं आणि जिनमध्ये राबणाऱ्यांनी नुकतीच संघटना बांधली होती. भाऊ म्हणाले, त्यांना अर्थशास्त्र शिकवा आणि त्यांच्याकडून काही शिकून या. यातलं दुसरं मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

संघटनेची पुढारी सोनाअक्का. पन्नाशीची, बारीक अंगाची, कमी बोलणारी. तिचं मागणं एकच होतं. जिनमधल्या बायांची तान्ही पोरं दिवसभर बाहेर कडुलिंबाला टांगलेल्या झोळ्यांत रडत असत. दुपारी त्यांना पाजायला थोडा वेळ मिळावा. जिनचे मालक शेठ तसे वाईट नव्हते हो, पण "बघू" या शब्दापुढे त्यांची गाडी जात नव्हती. अक्काची नातही त्या झोळ्यांत होती आणि दिवसेंदिवस सुकत चालली होती.

जिन सुटलं की त्याच लिंबाखाली माझा वर्ग भरे. बाया पोरांना पाजत बसत, गडी केसांतला कापूस झटकत आणि मी "वरकड मूल्य" शिकवी. तीन दिवस शिकवलं. तिसऱ्या दिवशी पोरांच्या आधी आया झोपल्या.

चौथ्या दिवशी मला उदाहरण सुचलं. आता आपल्याकडच्या बारागाड्या तुम्हाला ठाऊक आहेतच. देवीच्या जत्रेत बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत गावाने बसायचं आणि अंगाला हळद फासलेल्या एकट्या भगताने त्या कमरेच्या दोराने देवळापर्यंत ओढायच्या. मी विचारलं, "गाड्या कोण ओढतं?" सगळे म्हणाले, भगत ओढतो, देवीच्या बळावर.

"चूक!" मी म्हणालो. "चाकांना हात लावून तुम्ही ढकलता. नाव भगताचं, श्रम तुमचे. तुम्ही हात काढून घेतलेत तर गाडी तसूभर हलणार नाही. जिनचंही तसंच."

झोपाळलेल्या आयाही डोळे उघडून बघू लागल्या. मला वाटलं, विषय पोचला. मग लक्षात आलं की सगळे माझ्या मागे बघताहेत. मागे गावचे भगत, रामाआबा, तंबाखू मळत बसले होते. तेही जिनमध्येच कापसाच्या गाठी बांधायला होते. आबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि ते उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून सगळं बिनसलं. मी आलो की कुजबुज थांबे. लोक माझ्याकडे बघत आणि नजर वळवत. आता गावातून हाकलणार, असं समजून मी ट्रंक भरायला घेतली. तेवढ्यात अक्का दारात आली. आबांचा गुडघा धरला होता, म्हणून यंदा गाड्या मास्तरांनी, म्हणजे मी, ओढाव्यात, असं आबांनीच सांगितलं होतं.

मला आभाळ ठेंगणं झालं. केवढी ही जागृती! देवाचा मान त्यांनी अर्थशास्त्राला दिला! मी त्याच दिवशी भाऊंना पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, दुर्दैवाने. "गाव जागं झालं आहे आणि त्याची सूत्रं आता माझ्या हाती आहेत."

जत्रेला भाऊ स्वतः आले. माझ्या उघड्या अंगाला हळद, कमरेला दोर. पहिल्या गाडीत मानाने शेठ आणि त्यांची म्हातारी आई. देवीच्या नावाचा गजर झाला आणि मी पळायला लागलो.

गाड्या निघाल्या! खोटं कशाला सांगू, दहा पावलांत मी माझं सगळं अर्थशास्त्र विसरलो. मला खरंच वाटलं, मीच ओढतोय. पुढच्या दहा पावलांत तर माझ्या अंगात देवीच आली असावी, अशीही शंका आली.

आणि गाड्या थांबल्या.

मी जोर केला. वाकलो. पाय धुळीत रुतले, धोतर सुटायला आलं, पण चाक हलेना. शेवटी मागे वळून पाहिलं. चाकांशी असलेले बठ्ठे, म्हणजे सगळेच्या सगळे बायागडी हाताची घडी घालून उभे! आणि अक्का पहिल्या गाडीशी शेठना शांतपणे सांगत होती,

"शेठ, गाड्या बठ्ठासना हातवर चालतस. हात आते दमी गयात. जिनमा दुपारले पोरेसले पाजाले येळ भेटी, तं हात परत लागतीन."

शेठ म्हणाले, "बघू." तशी त्यांच्या आईने भर जत्रेत त्यांना दटावलं. तूही अंगावरच पिऊन वाढलास, हो म्हण आणि मला देवळात पोचव, असं काहीसं ती मारवाडीत म्हणाली.

"बरं अक्का," शेठ म्हणाले. "उद्यापासून दुपारी अर्धा तास."

मग जे हात लागले, काय सांगू! बारा गाड्या माझ्या पाठीवर आल्या. मी देवळापर्यंत गाड्या ओढल्या नाहीत हो, गाड्यांपुढे जीव घेऊन पळालो.

देवळाच्या पायरीवर मी धापा टाकत पडलो होतो. दोन्ही गुडघे शाबूत असलेले आबा टुणटुणीत चालत आले आणि त्यांनी मला पाणी दिलं. मी विचारलं, "मला आधी सांगितलं का नाही?" ते म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही आधी भाषण केलं असतं.

"पण मग दोराला मीच का?"

उत्तर अक्काने दिलं. "आबा वढतांना गाड्या थांबत्यात, तं देवी कोपनी म्हनीसन लोके घाबरतात. मास्तर वढी ऱ्हायनथात. गाड्या थांबन्यात, कोनले नवल वाटनं नई."

भाऊ इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखालच्या झोळ्या रिकाम्या पाहिल्या, अक्काची नात आईच्या कुशीत चुटुचुटु पिताना पाहिली, आणि मला इतका आनंद झाला की माझ्या फजितीचं काही वाटेनासं झालं.

फक्त ते पत्र तेवढं मी भाऊंकडे परत मागितलं. त्यांनी दिलं नाही. पुढे धुळ्याहून जो कोणी वर्ग घ्यायला निघे, त्याला भाऊ आधी ते वाचायला लावत. अर्थशास्त्रावर मी पुढे दोन जाडजूड पुस्तकं लिहिली, पण लोकांनी आवडीने वाचलेलं माझं लिखाण म्हणजे ते एक पत्र.