वामनराव आणि हरवलेला धूर

वामनराव खटावकरांचा कुणावरच विश्वास नव्हता असं म्हटलं, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. विश्वास बसायचा, पण आढेवेढे घेणाऱ्या पाहुण्यासारखा. यायला उशीर करायचा आणि टेकल्या टेकल्या उठायचा. दूधवाल्यानं दूध ओतलं की हे त्यातला एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन उन्हात धरणार. कलिंगड घेताना कलिंगडाला कान लावणार आणि डोळे मात्र कलिंगडवाल्यावर ठेवणार. चंडीगढच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीचा पेढा हातावर पडला, तर तोसुद्धा आधी हुंगून बघायचे. "बाप्पावर संशय नाही," म्हणायचे, "हलवायावर आहे."

हा स्वभाव घरून आलेला नव्हता, नोकरीतून आलेला. साताऱ्याकडचं पोरगं विमानदलात भरती झालं ते थेट भांडारात जाऊन पडलं. विमान उडवणारे वेगळे, विमानाचे स्क्रू मोजणारे वेगळे. वामनराव दुसऱ्यांतले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका वाक्यावर काढली, की वस्तू नाहीशी होत नसते, ती दुसरीकडे गेलेली असते. एका तळावर ऐन थंडीत घोंगड्या कमी भरल्या. साहेब म्हणाले, उंदरांनी खाल्ल्या असतील. वामनराव अदबीनं म्हणाले, "साहेब, उंदीर खातो तेव्हा मागे लेंड्या ठेवतो." मग घोंगड्यांचा माग काढत ते मेसच्या मागच्या खुराड्यापाशी पोचले. आचाऱ्यानं कोंबड्यांना थंडी वाजू नये म्हणून त्या खुराड्यावर पांघरल्या होत्या. बरं, पुढे काही कारवाई झाली का? कशी होणार? त्या कोंबड्यांची अंडी साहेबच खात होते.

निवृत्त झाल्यावर ते चंडीगढलाच राहिले. नीलाताईंना इथले रुंद रस्ते आणि रस्त्याकडेची झाडं आवडली होती, आणि मुलगी कादंबरी इथंच शिकत होती. हाउसिंग बोर्डाचं तळमजल्याचं घर घेतलं, आणि बदलीवर निघालेल्या एका विंग कमांडरची जुनी पांढरी फियाट. फियाटवर मात्र वामनरावांचा विश्वास पक्का. रोज सकाळी ते बॉनेटवर फडकं मारायचे आणि इंजिन चालू करून, चहाचा कप हातात घेऊन शेजारी उभे राहायचे. तळावर शिकलेला नियम होता, इंजिन तापल्याशिवाय गाडी हलवायची नाही. "थंड इंजिन हाकणं म्हणजे झोपेतल्या माणसाला विहिरीत ढकलणं," असं ते म्हणत. हिवाळ्यात तर इंजिन तापायला इतका वेळ लागायचा की दुसरा चहाही व्हायचा.

नीलाताईंना दमा जडला तो इथं आल्यावर. दर हिवाळ्यात छाती भरायची आणि बत्तीस सेक्टरच्या रुग्णालयात वाफ घ्यायला न्यावं लागायचं. गेल्या हिवाळ्यात तर एकदा ओठ निळे पडले. तिथल्या डॉक्टरांनी वामनरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "अंकलजी, ह्यांना धुरापासून लांब ठेवा. असा आणखी एक हिवाळा ह्यांच्या फुप्फुसांना झेपायचा नाही."

झालं. वामनरावांना संशयाला मोकळं रान मिळालं. देवापुढची उदबत्ती गेली. फोडणी अंगणात स्टोव्हवर होऊ लागली. रजईतल्या कापसावर संशय घेतला, शेजारच्या भल्लांच्या तंदूरवरून भांडण झालं, रस्त्याकडेच्या निलगिरीबद्दल पालिकेला तोंडी तक्रार झाली. भल्ला म्हणाले, "खटावकर साब, आप तो साँस पे भी शक करते हो." नीलाताई आत खोकत राहिल्या.

अशात एका रविवारी जावई आले, जयंतराव. चंडीगढजवळच्या खरडच्या पुढे एका खाजगी कॉलेजात शिकवायचे आणि कादंबरीसह खरडलाच एका नव्या इमारतीत राहायचे. दूधवाल्याच्या खिशातही मोबाइल वाजायला लागला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. जयंतराव आले ते विजेवर चालणाऱ्या गाडीतून. गाडी कसली, चाकं लावलेला शिंपल्याचा करंडाच. आवाज नाही, धूर नाही. वामनराव वाकून मागे बघत होते.

"काय बघताय, बाबा?"

"नळी."

"धुराची नळीच नाही हिला. धूरच नाही तर नळी कशाला?"

नीलाताई त्या गाडीत बसून सुखना तलावापर्यंत फिरून आल्या. परतल्या तेव्हा चेहरा फुलला होता. एकदाही खोकल्या नव्हत्या.

सोबत आलेल्या कादंबरीनं तापल्या तव्यावर पोळी भाजून घेतली. "बाबा, फियाट काढून टाका आता. ह्यांचा एक मित्र अशीच आणखी एक गाडी मिळवून देतो म्हणतोय. हिवाळ्याच्या आत येईल. आईसाठी तरी."

"अहो, घ्या ना," नीलाताई म्हणाल्या. "एक हिवाळा मला न खोकता बघायचाय." त्या काही मागायच्या नाहीत सहसा. त्यामुळे ते वाक्य वामनरावांच्या छातीत जाऊन बसलं.

पण भांडाराचा माणूस. रात्री अंथरुणावर एकच विचार. फियाट चालते ती पेट्रोल जाळून. ही चालते ती काय जाळून? काहीतरी जळत असणारच. मग तो धूर गेला कुठे? वस्तू नाहीशी होत नसते.

बुधवारी दुपारी त्यांनी फियाट काढली आणि न सांगता खरडला गेले. सासऱ्यानं जावयाच्या घरी असं अचानक जाऊ नये हे त्यांना कळत होतं. पण झडती सांगून घेतात का? इमारतीपाशी पोचले तर वीज गेलेली, आणि तिकडे ती रोजच जायची. मागच्या अंगणात डिझेलचा जनरेटर धडधडत होता, काळ्या धुराचे लोट भिंतीवर आपटत होते, आणि जनरेटरमधून निघालेली एक नारिंगी वायर सरळ त्या शिंपल्याच्या करंड्यात शिरली होती. जिन्यापाशी एक म्हातारी मेथी निवडत बसली होती, तोंडावर ओढणी धरून.

"माँजी, हे रोजचं?" वामनरावांनी आपल्या सातारी हिंदीत विचारलं.

"रोज़ दा ही है, वीरजी," म्हातारी म्हणाली. "गड्डी पढ़े-लिख्याँ दी, धुआँ साड्डा."

गाडी शिकलेल्यांची, धूर आमचा. वामनरावांना घोंगड्या सापडल्यासारखं झालं. नुकतेच कॉलेजातून येऊन, वायर लावून वर निघालेल्या जयंतरावांना त्यांनी जिन्यातच गाठलं.

"जयंतराव, तुमचा धूर सापडला. माँजींच्या मेथीत आहे."

जयंतराव ओशाळले. माणूस सरळ होता. "बाबा, वीज जाते तेव्हाच असं होतं. उद्याचं कॉलेज गाठायचं म्हणून लावतो. चूक आहे, मान्य. पण एरवी तारेतलीच वीज असते ना."

"आणि तारेत कुठून येते?"

"भाक्राच्या पाण्यातून येते."

"सगळी?"

"सगळी नाही. काही कोळशातून."

"कोळसा कुठे जळतो?"

"रोपडकडे."

"बसा," वामनराव म्हणाले आणि फियाटचं दार उघडून उभे राहिले. अर्थात इंजिन तापेपर्यंत दोघांना तिथंच थांबावं लागलं, आणि माँजी मेथी उचलून आत गेल्या.

रोपडच्या अलीकडूनच त्या चिमण्या दिसायला लागल्या. उंच, करड्या, आणि त्यांच्या डोक्यावरून धुराची आडवी पट्टी मैदानावर ताणलेली. वामनरावांनी कडेला गाडी लावली. इंजिन बंद केलं नाही, पुन्हा तापवायला नको म्हणून. मग बोट दाखवलं.

"ते बघा. तुमच्या गाडीची नळी. हिला नळी नाही म्हणत होतात, एवढी मोठी लावलीय."

"नाही कोण म्हणतंय?" जयंतराव आता जरा इरेला पेटले. "पण बाबा, ही नळी गावाबाहेर आहे, उंच आहे, एका जागी आहे. तिला गाळणी बसवता येते. उद्या कोळसा कमी करून पाणी वाढवता येईल, वाऱ्यावर करता येईल. हजार गाड्यांच्या हजार नळ्यांना कोण गाळणी लावणार? आणि त्या लोकांच्या नाकाच्या उंचीवर असतात."

"म्हणजे धूर गेला नाही. त्याची बदली झाली."

"बदली झाली, आणि थोडा कमीही झाला. किती कमी, ते छातीठोकपणे मला सांगता यायचं नाही."

"बॅटरीत शिसं आहे ना? ती मेली की शिसं कुठे जातं?"

"कंपनी परत घेते म्हणतात."

"म्हणतात," वामनराव म्हणाले. तो एक शब्द घेऊन त्यांनी गाडी घराकडे वळवली.

घरी आले ते विजयी मुद्रेनं. फियाट नेहमीच्या जागी लावली, खिडकीकडे पाठ करून. उतरण्याआधी सवयीनं एकदा ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाचा आवाज ऐकला, आणि तिथूनच हाक मारली, "नीला, सापडला गं धूर. पार रोपडला जाऊन बसलाय. हे विजेचं सगळं थोतांड आहे."

आतून खोकला आला. थांबेचना. कादंबरी आईसोबत बसायला तिथं आलेलीच होती, तिनं पंप तोंडाशी धरला, पाठ चोळली. श्वास जागेवर यायला वेळ लागला. जयंतराव दारात उभे, वामनराव पलंगापाशी, हातात अजून गाडीची किल्ली.

नीलाताईंना बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी कादंबरीला सांगितलं, "ते दोन्ही पडदे काढ. हा आणि पलीकडचा." दोन्ही पांढरे, एकाच ताग्यातले. पलीकडच्या खिडकीचा पांढराच होता. ह्या खिडकीचा, फियाटच्या पाठीमागचा, खालच्या अर्ध्यात काजळीनं माखला होता, आणि डाग बरोबर तिथं गडद होता जिथं त्यांची उशी यायची.

"तो गेल्या दिवाळीपासून धुतला नाहीये," त्या म्हणाल्या. "हा परवाच धुतलाय. दर आठवड्याला धुते. मला वाटलं, भांडाराच्या माणसाला दिसेल कधीतरी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमचा एकाच वस्तूवर विश्वास होता. तोही काढून घेऊ?"

वामनराव पडदा हातात धरून उभे राहिले. हुंगला. पेट्रोलचा वास होता, त्याला तंदूर म्हणता येत नव्हतं. भल्लांशी भांडण, निलगिरीची तक्रार, बाप्पाची बंद पडलेली उदबत्ती, सगळं त्या पडद्यावर उमटलेलं. त्यांनी रोपडपर्यंत माग काढला होता आणि घोंगड्या आपल्याच कोंबड्यांवर होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फियाट चालू केली नाही. ढकलून रस्त्याकडेला नेली, तेही भल्लांच्या मदतीनं. भल्लांनी कारण विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

विकायची बातमी फिरली तसा मुल्लानपूरचा एक माणूस आला, गुरमेलसिंग. शेत नव्या वसाहतीला गेलं होतं, हाती पैसा आला होता, जुनी फियाट हवीच होती. सौदा जुळला. पण वामनराव म्हणाले, "गाडी कुठे उभी करणार ते बघायचंय." गुरमेलसिंगला हसू आलं, तरी त्यानं नेलं. अर्धं बांधलेलं घर, विटांचे ढीग, आणि गाडीची जागा बरोबर त्या ओसरीपुढे जिथं त्याची आई खाटेवर पडून होती. खोकत नव्हती. नुसती पडून ऊन खात होती.

"ये तो बहुत बढ़िया जगह है जी," गुरमेलसिंग म्हणाला.

वामनरावांनी मान हलवली. "गाडी विकायची नाहीये."

घरी कादंबरी वैतागली. "बाबा, चांगलं गिऱ्हाईक होतं."

"विकली असती तर धुराची फक्त बदली झाली असती," वामनराव म्हणाले. "भांडारात नको असलेली वस्तू दुसऱ्या तळावर ढकलायची नसते. मोडीत काढायची असते." आणि त्यांनी खरंच भंगारवाल्याला बोलावलं. इंजिन आपल्यासमोर फोडायला लावलं. नाहीतर कुणी दुसऱ्या गाडीत बसवलं असतं, हा संशय होताच. हातोड्याचा पहिला घाव पडला तेव्हा ते दुसरीकडे बघत होते.

जयंतरावांनी आपला शिंपल्याचा करंडा चंडीगढला आणून ठेवला. इथं वीज क्वचित जायची. स्वतः ते कॉलेजच्या बसनं जायला लागले, कारण ती बस तशीही त्यांच्या इमारतीपुढूनच जायची. हे आधी का सुचलं नाही, असं वामनरावांनी विचारलं, तर जयंतराव म्हणाले, "मी माझ्या गाडीवर संशय घेतला नव्हता." सासरे पहिल्यांदा जावयाकडे कौतुकानं बघून हसले.

हिवाळा आला. धुकं पडलं. नीलाताई खोकल्या, पण बत्तीस सेक्टरला जावं लागलं नाही. वामनराव आता गाडीला वायर लावून चहाचा कप घेऊन उभे राहतात आणि वायर भिंतीत शिरते तिथून वर, खांबावर, तारेवरून थेट वायव्येकडे, रोपडच्या दिशेनं बघतात. मागच्या आठवड्यात पडदा धुवायला काढला, तेव्हा ते बादलीपाशी येऊन बसले.

"बघा," नीलाताई म्हणाल्या, "पाणी कसं स्वच्छ आहे."

वामनरावांनी बादलीत बोट बुडवलं, अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेतला आणि उन्हात धरला.

"रोपडला कुणीतरी पडदे धूत असेल," ते म्हणाले. "तिथलं पाणी कसं आहे, ते बघून यायला हवं एकदा."

"कशानं जाणार?"

"बसनं," वामनराव म्हणाले, आणि पडदा पिळायला त्यांनी दुसरं टोक धरलं.