व्याह्यांनी नापास केलेलं बियाणं

भाताच्या दाण्याकडे गुन्हेगारासारखं बघणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा व्याही आहे. नोकरीभर त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत बियाणं तपासलं. निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, सवय सुटली नाही. आमच्या मुलांच्या लग्नात हातातल्या अक्षता ते निवडत बसले, तोवर मंगलाष्टकं संपली. सुलतान बाजारात जेवायला नेलं, तर शितं एकेक करून ताटाच्या कडेला लावली. वेटर म्हणाला, "क्या साब, खाते कि इम्तिहान लेते?"

त्याचं मला काही नव्हतं. पण दिलसुखनगरला माझं बियाण्याचं दुकान आहे, पोती वाहून उभं केलेलं. मी घसा बसेपर्यंत घासाघीस करून माल उचलतो, आणि हे गृहस्थ येऊन त्यात हात घालतात. दुसरा कोणी असता तर मी त्याला रस्ता दाखवला असता. इथे मुलगी त्यांच्या घरात, म्हणून राग गिळून चहा मागवतो.

एकदा ऐन पेरणीच्या तोंडावर, भर गिऱ्हाइकांत, त्यांनी बादलीत मिठाचं पाणी करून माझं भाताचं बियाणं ओतलं. बरंचसं वर तरंगलं.

"पोचट आहे, शेठ. हे ठिपके पाहिलेत? आत बुरशी आहे."

"बुरशी हवेतून येते, व्याहीबुवा. ढगाळलं, दव पडलं की येते. त्यात माझ्या पोत्याचा काय दोष?"

"हवेतूनही येते ना. पण तुम्ही तिला घरपोच कशाला पाठवता? रोप उगवतं तेच तिला घेऊन. मग ती पानांवर चढते, तिथून शेजाऱ्याच्या शेतात."

गिऱ्हाइकं हळूच पांगली. तो हंगाम बुडाला, आणि मी तो विसरलेलो नाही.

यंदा व्याही काठी टेकत आले. काचबिंदूनं नजर जवळजवळ गेली आहे. सवयीनं त्यांनी पोत्यातून दाणा काढला, तळहातावर धरला आणि डोळ्यांपाशी नेऊन उजेडाकडे फिरवला. मग तळहात माझ्यापुढे केला.

"ठिपका आहे का हो?"

माल स्वस्तात पटवलेला होता. समोर गिऱ्हाईक उभं होतं. ठिपका अगदी बारीक होता, पण होता.

"आहे," मी म्हणालो.

गिऱ्हाईक निघून गेलं. व्याह्यांनी मान डोलावली, दाणा टाकून दिला आणि चहाची वाट बघत बसले. ना मिठाच्या पाण्याची बादली मागितली, ना दुसऱ्या कुणाला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या शब्दावर पहिल्यांदाच विश्वास ठेवला, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.